साठ–शून्य झाल्यावर विरोधी पक्षनेता कोण?

प्रश्न सांगलीच्या एका ताईंचा आहे. त्यांची मावसबहीण लग्न होऊन मॉरिशसला गेलेली. १० नोव्हेंबर २०२४ ला तिकडे निवडणूक झाली आणि मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा एकाच आघाडीने जिंकल्या. पुढे दोन आठवड्यांच्या आत, २३ नोव्हेंबरला, आपल्या विधानसभेचा निकाल लागला. ताई लिहितात, "त्यांच्याकडे विरोधी बाकांवर जेमतेम दोन चेहरे, तरी त्यांना विरोधी पक्षनेता आहे. आपल्याकडे तीन पक्षांचे मिळून शेहेचाळीस आमदार, तरी खुर्ची रिकामी. हे कसं? आणि दोन माणसांचा विरोधी पक्ष करतो तरी काय?"

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं कुठलं म्हणणं कितपत धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी एकतीस वर्षं विधिमंडळात प्रतिवेदक होतो. सभागृहाच्या मधल्या टेबलाशी बसून लघुलिपीत भाषणं उतरवून घेणारी, थोड्या थोड्या वेळाने बदलणारी जी माणसं असतात, त्यांतला एक. मुंबई आणि नागपूर, अधिवेशनामागून अधिवेशन. निवृत्तीनंतर लोक नर्मदा परिक्रमेला जातात. मला दुसऱ्या सभागृहांची इतिवृत्तं वाचायचा नाद लागला. मॉरिशसचं इतिवृत्त गेली काही वर्षं नेमाने वाचतो. एकदा तिथे जाऊनही आलो. मी राजकीय पंडित नाही. प्रश्न विचारला गेला का आणि त्याला उत्तर आलं का, एवढंच मला नीट कळतं.

ताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. खुर्ची कशी मिळते हा नियमाचा प्रश्न, त्याचं उत्तर सोपं आहे. त्या खुर्चीत बसून काय होतं, हा खरा प्रश्न. तिथे मात्र "परिस्थितीवर अवलंबून आहे" असं मला दोनदा म्हणावं लागणार आहे.

खुर्ची आधी उरकू. आपल्याकडे दहा टक्क्यांची जी अट सगळे सांगतात, ती राज्यघटनेत नाही. संसदेतल्या विरोधी पक्षनेत्यांच्या वेतनाचा १९७७ चा कायदा आहे, त्यातही नाही. तो कायदा एवढंच म्हणतो की विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचा नेता, आणि ज्याला अध्यक्षांनी मान्यता दिली आहे तो. दहा टक्के आले कुठून? लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळणकर यांच्या काळापासून सभागृहात 'पक्ष' म्हणून मान्यता कोणाला द्यायची याचा जो दंडक पडला, त्यातून. त्या दंडकाने २०१४ आणि २०१९ च्या लोकसभांना विरोधी पक्षनेता मिळाला नाही. आपल्या विधानसभेत २८८ च्या हिशेबाने २९ जागा लागतात. उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेला २०, काँग्रेसला १६ आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीला १० मिळाल्या. पुढचा चेंडू अध्यक्षांच्या कोर्टात.

मॉरिशसमध्ये हा चेंडू अध्यक्षांच्या हातात दिलेलाच नाही. तिथे विरोधी पक्षनेता थेट राज्यघटनेत आहे, कलम ७३. राष्ट्रपती त्याची नेमणूक करतात, तीही पंतप्रधानांच्या सल्ल्याने नव्हे तर स्वतःच्या विवेकाने. विरोधातला जो पक्ष संख्येने सर्वांत मोठा, त्याचा सभागृहातला नेता. असा एक पक्ष नसेल, तर विरोधी पक्षांच्या नेत्यांना जास्तीत जास्त मान्य होईल अशी व्यक्ती. टक्केवारीचा उल्लेखच नाही. म्हणून २०२४ च्या पराभवानंतर एमएसएम या तोवर सत्तेत असलेल्या पक्षाचे ज्यो लेझॉन्गार्ड विरोधी पक्षनेते होऊ शकले.

आता गंमत अशी, की लेझॉन्गार्ड निवडणूक हरले होते.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. मॉरिशसमध्ये वीस मतदारसंघ, प्रत्येकातून तीन सदस्य, आणि रॉड्रिग्ज या दूरच्या बेटाचे दोन. असे ६२ निवडून येतात. मतदाराला तीन मतं असतात आणि तिन्ही द्यावीच लागतात. माणसं सहसा एकाच आघाडीच्या तिघांवर फुल्या मारतात, त्यामुळे वारं एका बाजूने वाहिलं की मतदारसंघच्या मतदारसंघ तिघांसकट जातो. २०२४ मध्ये जिंकलेल्या आघाडीला साठ टक्क्यांच्या आसपास मतं होती आणि हरलेल्या सत्ताधाऱ्यांना पाव हिश्श्याहून थोडी जास्त. त्या पाव हिश्श्याला थेट निवडून आलेला एकही माणूस मिळाला नाही.

यावर त्यांच्या घटनेत एक तोड आहे, तिला सगळे 'बेस्ट लूजर' म्हणतात. हरलेल्यांतले चांगले हरलेले. जास्तीत जास्त आठ जागा अशा भरता येतात. घटनेने लोकसंख्येचे चार समूह मानले आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि उरलेले सर्वसाधारण. (आपली मराठी मंडळी या हिशेबात हिंदूंमध्ये मोडतात. भाषा वेगळी, मंडळं वेगळी, गणपती दणक्यात, पण या रकान्यात ती वेगळी दिसत नाहीत.) पहिल्या चार जागा ज्या समूहाला कमी प्रतिनिधित्व मिळालं त्याच्या पराभूत उमेदवारांना, पक्ष न बघता. दुसऱ्या चार जागा त्या चारांमुळे पक्षांचा जो तोल ढळला तो सावरायला, म्हणजे विजयी पक्षाच्या पराभूतांना. पण साठ–शून्य झालं तर विजयी पक्षात हरलेलं कोणी उरतच नाही. म्हणून दुसऱ्या चार जागा रिकाम्या राहतात आणि ७० ऐवजी ६६ जणांचं सभागृह बसतं. १९८२ ला असंच झालं, १९९५ ला असंच झालं, २०२४ ला पुन्हा तसंच. तेव्हाच्या चार बेस्ट लूजरांपैकी दोघेच हरलेल्या आघाडीचे, लेझॉन्गार्ड त्यांतले एक.

या पद्धतीवर तिथे भरपूर वाद आहे आणि तो रास्त आहे. समूहाची माहिती जनगणनेत विचारणं १९८२ मध्ये बंद झालं, त्यामुळे आजही गणित १९७२ च्या आकड्यांवर चालतं. उमेदवाराने आपला समूह जाहीर करण्याच्या सक्तीविरुद्ध काही नागरिक संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेले आणि २०१२ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिलं. मला स्वतःला माणसाला रकान्यात बसवणं आवडत नाही. पण ही तोड नसती तर त्या तीन वेळा मुख्य बेटावरून विरोधात बसायला माणूस मिळाला नसता, हेही खरं.

खुर्ची झाली. आता तिच्यात बसून काय होतं ते.

आपल्याकडचा तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याला मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं तो, तुम्ही कधी छापील वाचला आहे का? "अमुक प्रकरणी गैरव्यवहार झाल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" आणि उत्तर: "एक, हे खरे नाही. दोन आणि तीन, प्रश्न उद्भवत नाही." हा 'प्रश्न उद्भवत नाही' मी आयुष्यात किती वेळा उतरवला असेल, त्याची मोजदाद नाही. प्रश्न कित्येक आठवडे आधी द्यावा लागतो, तोवर विषय शिळा होतो. अल्पसूचना प्रश्न आहे, पण त्याला मंत्र्यांची तयारी लागते.

मॉरिशसच्या विरोधी पक्षनेत्याकडे यापेक्षा धारदार हत्यार आहे. तिथे त्याला 'प्रायव्हेट नोटिस क्वेश्चन' म्हणतात, बोलताना नुसतं पीएनक्यू. सभागृह बहुधा मंगळवारी बसतं. त्याच सकाळी विरोधी पक्षनेता प्रश्न देतो आणि काही तासांत पंतप्रधानांनी किंवा संबंधित मंत्र्याने उभं राहून उत्तर द्यायचं. कामकाजाच्या सुरुवातीलाच, अर्धा तास. उपप्रश्न विचारण्यात पहिला मान विरोधी पक्षनेत्याचाच. मंत्री बदलत नाही, विषय बदलत नाही, आणि २०१७ पासून हे सगळं थेट प्रक्षेपित होतं. मागे दोन माणसं आहेत की वीस, याने त्या अर्ध्या तासाची लांबी बदलत नाही.

वाकवा नावाच्या गावी मी एका मराठी घरी उतरलो होतो. घरातले आजोबा बोलायचे तिथली बोली क्रिओल, पोथी वाचायचे मराठीतून. मंगळवारी त्यांनी टीव्ही लावला. घटनेच्या ४९ व्या कलमाप्रमाणे सभागृहाची भाषा इंग्रजी, पण अध्यक्षांना उद्देशून फ्रेंचमध्येही बोलता येतं. प्रश्न इंग्रजीत सुरू झाला, कागदावरून, संथ. तिसऱ्या उपप्रश्नाला मंत्री जरा अडखळले आणि विचारणाऱ्याची इंग्रजी गेली, फ्रेंच आली. आजोबा खुर्चीत पुढे सरकले, म्हणाले, "आता बघा." मागच्या बाकांवरून क्रिओलमध्ये टोमणे सुरू झाले. नंतर मी इतिवृत्त उघडून बघितलं, तर त्या सगळ्या धुमश्चक्रीच्या जागी कंसात एकच शब्द होता: अडथळे. मला हसू आलं. आम्हीही हेच करायचो.

पीएनक्यूला मर्यादा आहेत आणि इथे माझं पहिलं 'परिस्थितीवर अवलंबून'. हत्यार चालवायला तयारी लागते. वीस आमदार असले की एक जण आरोग्य वाचतो, एक जण बंदर, एक जण वीज. दोन माणसांना सगळंच वाचायला लागतं. मग एखाद्या मंगळवारी प्रश्न वर्तमानपत्रातल्या बातमीपलीकडे जात नाही आणि मंत्री सहज सुटतात. 'माहिती संकलित करून सभागृहाच्या ग्रंथालयात ठेवण्यात येईल' हा तिथला 'प्रश्न उद्भवत नाही'. मी पेन्सिलीने समासात खुणा करत वाचतो: उत्तर आलं तर 'उ', बगल दिली तर 'ब', ग्रंथालयात गेलं तर 'ग्रं'. चांगल्या मंगळवारी पानावर 'उ' आणि 'ब' जवळपास सारखे असतात. आणि 'ब' वाया जात नाही. मंत्र्यांनी बगल दिलेली वाक्यं लोकांनी टीव्हीवर बघितलेली असतात, आणि बेट एवढं लहान की संध्याकाळपर्यंत ती सगळीकडे पोचलेली असतात. साडेबारा लाखांच्या आसपास वस्ती, आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी.

दुसरं 'अवलंबून' अध्यक्षांवर. २०१९ ते २०२४ च्या सभागृहाचं इतिवृत्त वाचताना मला वारंवार नागपूर आठवायचं. विरोधी सदस्यांना बाहेर काढणं, निलंबित करणं हे इतक्या वेळा झालं की थेट प्रक्षेपणात प्रश्नांपेक्षा बाहेर काढण्याचीच चर्चा जास्त होऊ लागली. घटनेने हक्क दिला तरी माईक अध्यक्षांच्या हातात असतो. आपल्याकडे जुलै २०२१ मध्ये बारा आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केलं होतं. त्या अधिवेशनापलीकडचं निलंबन सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये रद्द ठरवलं. म्हणजे दुखणं आपल्याला परकं नाही.

खुर्चीचा आणखी एक उपयोग कोणाच्या फारसा लक्षात येत नाही, कारण त्यात आरडाओरडा नाही. निवडणुकीवर देखरेख ठेवणारे आयोग किंवा लोकपालासारखं पद भरताना राष्ट्रपतींना विरोधी पक्षनेत्याशी सल्लामसलत करावीच लागते. संमती लागत नाही, नुसता सल्ला. पण खुर्ची रिकामी असेल तर सल्ला तरी कोणाशी करणार? आपल्याकडेही काही निवड समित्यांत विरोधी पक्षनेत्याची जागा असते. ती रिकामी राहिली की किती घोळ होतात, ते दिल्लीत दोन लोकसभा बघून झालं.

पण ताई, दोन माणसांच्या विरोधी पक्षाने मॉरिशसमध्ये सरकार पाडल्याचं उदाहरण मला माहीत नाही. तिथे सरकारला खरा घाम फोडतात ते मित्रपक्ष. हे मला इतिवृत्तं वाचता वाचता कळलं, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला यातच दिसतं.

१९८२ घ्या. स्वातंत्र्यापासून सत्तेत असलेल्या सर शिवसागर रामगुलाम यांच्या मजूर पक्षाचा सुपडा साफ झाला, ते स्वतः पडले. साठ–शून्य. अनिरुद्ध जगन्नाथ पंतप्रधान, पॉल बेरेंजर अर्थमंत्री. विरोधात चिमूटभर बेस्ट लूजर. नऊ महिन्यांत, मार्च १९८३ मध्ये, बेरेंजर आणि त्यांचे बरेच सहकारी मंत्रिमंडळाबाहेर पडले. जगन्नाथांनी नवा पक्ष काढला, ऑगस्टमध्ये पुन्हा निवडणूक. त्या निवडणुकीत बेरेंजर आपल्या मतदारसंघात हरले, बेस्ट लूजर म्हणून सभागृहात आले आणि विरोधी पक्षनेते झाले. चौदा महिन्यांत साठ–शून्यचा शिल्पकार समोरच्या बाकावर.

१९९५: पुन्हा साठ–शून्य, या वेळी शिवसागर यांचे चिरंजीव नवीनचंद्र रामगुलाम आणि बेरेंजर एकत्र. जून १९९७ मध्ये युती फुटली आणि बेरेंजर पुन्हा विरोधी पक्षनेते.

२०१६ चं उदाहरण तर शाळेत शिकवावं असं आहे. सरकारने फौजदारी खटले चालवणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्यावर एक आयोग बसवण्याचं विधेयक आणलं. घटनेत बदल, म्हणून विशेष बहुमत हवं. उपपंतप्रधान झेवियर-ल्यूक डुवाल यांचा पीएमएसडी हा पक्ष डिसेंबरात सरकारमधून बाहेर पडला आणि विधेयक तिथेच कोसळलं. विरोधात आल्यावर पीएमएसडीची संख्या बेरेंजर यांच्या पक्षापेक्षा जास्त भरली. त्यामुळे काल उपपंतप्रधान असलेले डुवाल विरोधी पक्षनेते झाले, आणि जुने विरोधी पक्षनेते बेरेंजर विरोधात राहूनही खुर्चीवरून उठले. कलम ७३ असं चालतं, बाकी कोणाला विचारायची गरज नाही. हेच डुवाल पुढे अनेक वर्षं अनिरुद्ध यांचे चिरंजीव आणि नंतरचे पंतप्रधान प्रवींद जगन्नाथ यांना पीएनक्यूने भंडावत राहिले आणि २०२४ च्या निवडणुकीला त्यांचा पक्ष प्रवींद यांच्याच आघाडीत होता. आपल्याला हे नवं नाही म्हणा. फरक एवढाच की आपल्याकडे पक्षांतरबंदी कायदा असूनही होतं, तिथे तसा कायदा नाही. पक्ष बदलणाऱ्याला तिथे 'ट्रान्सफ्यूज' म्हणतात, आणि तो शब्द शिवीसारखा उच्चारतात.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. १९६८ पासून २०२४ पर्यंत त्या देशाला पाचच माणसं पंतप्रधान म्हणून लाभली: रामगुलाम बापलेक, जगन्नाथ बापलेक आणि बेरेंजर. २०१७ मध्ये अनिरुद्ध जगन्नाथांनी निवडणूक न घेता गादी मुलाच्या हाती दिली, तेव्हा विरोधकांनी त्याला 'बाप-लेकाचा सौदा' म्हटलं. म्हणजे विरोधी पक्ष हा बहुतेक वेळा 'सध्या बाहेर असलेलं घराणं' असतो. याने प्रश्न विचारणाऱ्याची धार थोडी बोथट होते. जो आज विचारतो, त्यानेच दहा वर्षांपूर्वी तीच फाइल दाबलेली असते, आणि मंत्री ते सुनवायला चुकत नाहीत. माझ्या समासात अशा उत्तरांना 'ब' पडतो, पण मनातल्या मनात अर्धा गुण मी मंत्र्यांनाही देतो.

सभागृहाबाहेरचं थोडक्यात. १९७२ ला होऊ घातलेली निवडणूक १९७६ पर्यंत पुढे ढकलली गेली, मधल्या काळात आणीबाणी होती, बेरेंजर तुरुंगात होते. तेव्हा खुर्ची असून उपयोग किती, हा प्रश्नच होता. जुलै २०२० मध्ये वाकाशियो जहाज प्रवाळावर चढलं आणि तेल सांडलं, तेव्हा ऑगस्टअखेर राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर जे हजारो लोक आले ते कुठल्या पक्षाच्या हाकेवर नव्हते. आणि २०२४ च्या निवडणुकीच्या तोंडावर फोन टॅपिंगच्या ध्वनिफिती बाहेर पडल्या, सरकारने १ नोव्हेंबरला समाजमाध्यमांवर बंदी घातली आणि ओरड झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ती उठवली. यांतलं काहीही पीएनक्यूने घडवलं नाही. पण त्याआधीच्या मंगळवारांनी लोकांच्या कानावर विषय घातलेले होते, असं माझं मत आहे. सिद्ध करता येणार नाही.

आता तुमचा शेवटचा उपप्रश्न: "मग तिसऱ्या साठ–शून्यचं काय होणार?" भाकीत करणं हे प्रतिवेदकाचं काम नाही. पण तुमच्या मावसबहिणीला एक सांगा. विरोधी बाकावरचे दोघे काय बोलले ते बघावंच, पण त्याहून जास्त लक्ष सत्ताधारी बाकांवरच्या मित्रपक्षाकडे ठेवावं. त्यांचा सदस्य स्वतःच्या सरकारला उपप्रश्न विचारायला उभा राहिला, आणि मंत्र्यांनी 'माहिती ग्रंथालयात ठेवू' म्हटल्यावर खाली न बसता पुन्हा उभा राहिला, तर त्या मंगळवारची तारीख लिहून ठेवावी. आणि मलाही कळवावी. माझं इतिवृत्त वाचन दोनेक आठवडे मागे असतं.